प्रह्लादाचे मागणे आणि मोरोपंतांची केका

इंदापूर तालुक्यात नीरा आणि भीमा यांच्या संगमावर नीरा-नरसिंहपूर आहे. तिथली वाळूची नरसिंहमूर्ती प्रह्लादाने स्थापिली, अशी भाविकांची श्रद्धा. तिथून पश्चिमेला, कऱ्हाकाठच्या बारामतीत मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) यांनी आपली बहुतेक काव्यरचना केली. ‘प्रह्लादविजय’ हे त्यांचे आरंभीचे काव्य. दुर्जनांनी छळले तरी देवाच्या न्यायावर भिस्त ठेवावी, याचे प्रह्लाद हे आपल्याकडचे ठरलेले उदाहरण. मात्र या भिस्तीचा अर्थ आपण ‘देव त्याला बघून घेईल’ एवढाच करतो. मूळ कथा याहून अवघड आहे.

भागवताच्या सातव्या स्कंधात हिरण्यकशिपूचा वध झाल्यावर नरसिंह ‘वर माग’ म्हणतो. प्रह्लाद उत्तर देतो की, मोबदल्यासाठी सेवा करणारा सेवक नव्हे, व्यापारी होय. तरीही तो एक गोष्ट मागतो: आपल्या पित्याचे पाप धुऊन जावे. ज्याने विष दिले, कड्यावरून लोटले, त्याच्याचसाठी हे मागणे! म्हणजे न्यायावरचा विश्वास इथे सुडाची हुंडी नाही.

मोरोपंतांचा आश्रयदाता बाबूजी नाईक हा सावकार. देण्याघेण्याच्या हिशोबाची भाषा ज्या वाड्यात रोज चाले, तिथला हा कवी उतारवयात ‘केकावली’ लिहितो. मोराने मेघाला घातलेली साद ती केका. पृथ्वी वृत्तातल्या या विनवणीत कवी स्वतःला पीडितांच्या नव्हे, अपराध्यांच्या रांगेत उभा करतो. कायदा काटेकोर लावला तर आपणही सुटणार नाही, हे ओळखून तो हिशोब नव्हे, करुणा मागतो. ‘केकावली’चे नैतिक बळ इथे आहे.

तिची उणीवही इथेच आहे. या विनवणीत देव आहे, अपराधी आहे. पण ज्याच्यावर घाव बसला तो तिसरा माणूस जवळजवळ दिसत नाही. नामाने तरलेला अजामिळ भक्तिकाव्यात वारंवार भेटतो. त्याने टाकलेल्या पत्नीचे काय झाले, हे कोण विचारते? असे काव्य एकटेच वाचले, तर अन्याय सोसणाऱ्याला ते ‘तूही पापीच, गप्प राहा’ असे सुनावते की काय, अशी शंका येते.

तिचे उत्तर मोरोपंतांनीच आर्यांत उतरविलेल्या महाभारतात आहे. सभापर्वातली द्रौपदी धावा करण्याआधी कायद्याचा प्रश्न टाकते: राजा आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? धर्माची गती सूक्ष्म आहे, म्हणून भीष्म निर्णय देत नाहीत. माणसांची सभा निरुत्तर होते, म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. प्रह्लादही मुका नव्हता. हातात सत्ता असलेल्या बापाला त्याने तोंडावर नकार दिला होता.

तेव्हा विश्वासाचा क्रम असा दिसतो: आधी अन्यायाला अन्याय म्हणायचे, मग शिक्षेचा हट्ट सोडायचा, आणि जमलेच तर अपराध्याचेही भले चिंतायचे. पहिली पायरी गाळून तिसरी चढायला सांगणे ही पीडिताची फसवणूक आहे. ‘केकावली’ सभापर्वाशेजारी ठेवून वाचावी ती यासाठी.