उमेदवारीचा प्रश्न

मुलगा वकील झाला, वैद्य झाला किंवा हिशेबतपासनीस झाला, म्हणजे त्याच्या योगक्षेमाची चिंता जन्माची मिटली, अशी आपल्या पांढरपेशा घरांतून आजवर समजूत होती. सनद हातीं आली कीं विद्या संपली आणि व्यवसाय सुरू झाला! या समजुतीच्या मुळाशीं घाव घालणारा एक इंग्रजी ग्रंथ २०१५ सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयानें प्रसिद्ध केला. ‘द फ्यूचर ऑफ द प्रोफेशन्स’ हें त्याचें नांव. रिचर्ड सस्किंड व त्यांचे चिरंजीव डॅनिएल हे त्याचे कर्ते. पैकीं वडिलांनीं १९८८ सालींच फिलिप कॅपर यांच्या साह्यानें कायद्याच्या एका किचकट प्रकरणावर सल्ला देणारी संगणक-प्रणाली रचली होती. चिरंजीव अर्थशास्त्रज्ञ आहेत. तेव्हां त्यांचें म्हणणें ऐऱ्यागैऱ्याची भविष्यवाणी म्हणून उडवून लावतां येत नाहीं.

ग्रंथाचा मुख्य सिद्धांत थोडक्यांत असा. समाजानें कांहीं वर्गांस विशिष्ट कामांचा मक्ता दिला, आणि त्या बदल्यांत त्यांनीं आपलें ज्ञान सचोटीनें समाजाच्या उपयोगीं आणावें, असा जणूं एक करार ठरला. हा करार आतां मोडकळीस आला आहे. कारण हें ज्ञान महाग असून बहुसंख्य लोकांच्या आवाक्याबाहेर राहिलें आहे. उलट यंत्रांच्या योगानें तें स्वस्त व सुलभ होत आहे. प्रत्येक व्यवसायाचें काम लहान लहान तुकड्यांत फोडतां येतें. आज कारागिराच्या हातचा असलेला तुकडा उद्यां ठराविक नमुन्यांत बसतो, मग यंत्रांत उतरतो, आणि अखेर व्यावसायिकास वगळून थेट लोकांच्या हातीं पडतो. वकील राहील कीं जाईल, हा प्रश्नच चुकीचा. त्याच्या कामाचा कोणता तुकडा कोणाकडे जाईल, एवढेंच विचारावें.

या विवेचनांतील खरेपणा आपण घरींच पडताळून पाहूं शकतो. पगारदार गृहस्थ आज प्राप्तिकराचें विवरणपत्र सरकारी संकेतस्थळावर स्वतःच भरतो, आणि त्यांतील बरेच आंकडे आधींच भरलेले असतात. पूर्वीं या कामासाठीं तो ज्याच्याकडे जाई, त्याचें तेवढें उत्पन्न गेलें. पण याच्या उलट बाजूही आहे. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाला, आणि त्याच हिशेबनिसांच्या दारीं नवें काम येऊन उभें राहिलें. जुनें काम जातें तें आपल्याला दिसतें. नवें काम येण्यापूर्वीं तें कोणास दिसत नाहीं. ग्रंथकारांना पहिली गोष्ट जितकी स्पष्ट दिसते, तितकी दुसरी दिसत नाहीं, असें मला वाटतें.

परंतु माझा खरा आक्षेप याहून निराळा आहे. आपल्याकडे उमेदवारी नांवाची एक जुनी संस्था आहे. नवा वकील कांहीं वर्षें वडील वकिलाच्या हाताखालीं कागद चाळतो, निवाडे शोधतो, मसुदे करतो आणि बोलणीं खातो. हें काम कंटाळवाणें खरें. पण याच कंटाळ्यांतून त्याची नजर तयार होते. नेमकें हेंच काम यंत्र सर्वांत आधीं उचलणार. मग उद्यांचे जाणते वकील येणार कोठून? ग्रंथकारांनीं हा प्रश्न टाळलेला नाहीं. शिकविणें आणि राबविणें यांत गल्लत करूं नका, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे, आणि उमेदवारांची पिळवणूक ज्यांनीं पाहिली आहे त्यांना तो पटेल. पण एवढ्या मोठ्या प्रश्नाची बोळवण इतक्या थोडक्यांत व्हावी, हें ग्रंथाचें वैगुण्य होय.

२०२३ सालीं न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयांत घडलेली हकीकत या दृष्टीनें बोलकी आहे. एका दाव्यांत वकिलांनीं यंत्राकडून मिळविलेले निवाडे आधारास दिले. ते निवाडे मुळांत अस्तित्वांतच नव्हते. न्यायालयानें ५,००० डॉलर दंड ठोठावला. निवाडे शोधणारा वकील नवशिका नव्हता. त्याच्या गांठीं अनेक वर्षांचा अनुभव होता. पडताळण्याची संवय ज्याला होती तोही जर इतका बेसावध राहतो, तर ज्याला ती संवय लागलीच नाहीं त्याची काय कथा?

विद्येची किंमत बाजारभावानें ठरविण्यांत किती धोका आहे, याचें एक उदाहरण आपल्याच प्रांतांतलें आहे. मोडी लिपि शाळांतून गेली. ती वाचणाऱ्यास कोणी काम देईना. पुढें २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं सरकारनें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली आणि जुनीं दप्तरें उघडलीं, तेव्हां मोडी वाचणाऱ्यांचा शोध करावा लागला. म्हणून सर्वांनीं मोडी शिकावी असें मी म्हणत नाहीं. कोणती विद्या केव्हां उपयोगीं पडेल याचा हिशेब आपण समजतों तितका पक्का नसतो, एवढेंच मला सुचवावयाचें आहे.

येथें एक कबुली दिली पाहिजे. ग्रंथकारांनीं तपासलेल्या व्यवसायांत अध्यापनही आहे. तेव्हां हा परीक्षक निःपक्षपाती नाहीं. अलीकडे माझ्या विद्यार्थ्यांचे निबंध निर्दोष येऊं लागले, आणि प्रथम मला त्याचा आनंदच झाला. मग एकास त्याच्याच निबंधांतील एका विधानाचें कारण विचारलें. तो माझ्याकडे पाहत राहिला. मुलगा लबाड नव्हता. लिहितांना होणारा विचार त्याच्या वांट्यालाच आला नव्हता. तेव्हांपासून पहिला मसुदा मी वर्गांत, हातानें लिहून घेतों. यंत्र घ्यावयाचें तें त्यानंतर.

मुलास कोणत्या व्यवसायांत घालावें, असें पालक मला विचारतात. व्यवसायाचें नांव सांगण्याइतका मी शहाणा नाहीं. पण कोणत्याही व्यवसायांत पहिलीं कांहीं वर्षें त्यानें कंटाळवाणें काम स्वतः करावें. यंत्राची चूक ओळखणारा माणूस त्यांतूनच तयार होतो, आणि अशा माणसाची गरज लवकर संपेल असें दिसत नाहीं. मात्र हा उपदेश एकट्या तरुणास करून भागणार नाहीं. यंत्र स्वस्त पडत असतांही उमेदवार ठेवावा, त्यास वेतन द्यावें व शिकवावें, ही जबाबदारी वडीलधाऱ्या व्यावसायिकांची आहे. त्यांनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा. आणि त्यांतील आक्षेपांचें प्रकरण, आपण स्वतः कोणाच्या हाताखालीं शिकलों हें आठवून, दोनदां वाचावें.