पाणी पळवलं जातं, योजना मात्र रखडते

१५ ऑक्टोबर ही तारीख गोदावरीच्या खोऱ्यात महत्त्वाची असते. पैठणच्या जायकवाडी धरणात त्या दिवशी किती पाणी आहे, त्यावरून वरच्या अंगाच्या नाशिक आणि नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतल्या धरणांमधून खाली पाणी सोडायचं का, हे ठरतं. कागदावर हा एक हिशोब आहे. पण पाऊस कमी झालेल्या वर्षी याच सुमारास मराठी बातम्यांची भाषा बदलते. पाणी ‘पळवलं’ जातं, ‘अडवलं’ जातं, ‘पेटतं’. नेते ‘आक्रमक’ होतात, शेतकऱ्यांच्या ‘तोंडचं पाणी’ पळतं. मला या भाषेबद्दल लिहायचं आहे.

मी छत्रपती संभाजीनगरात राहतो आणि सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आमचं शहर सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या जायकवाडीचं पाणी पितं, त्यामुळे या वादात मी तटस्थ नाही. पण म्हणूनच ही भाषा बघण्यात मला रस आहे. आपल्याला न पटणाऱ्या बातमीतला प्रचार कुणालाही दिसतो. आपल्या बाजूने लिहिलेली बातमी वाचताना मान आपोआप हलते, आणि तिथे नेमकं काय घडलं हे बघायचं राहून जातं.

एक घटना, तीन क्रियापदं

२०२३ चं उदाहरण घेऊ. त्या वर्षी पाऊस तुटीचा होता आणि ऑक्टोबरात जायकवाडीचा उपयुक्त साठा निम्म्याच्या आसपासच होता. महिनाअखेरीस वरच्या धरणांतून सुमारे ८.६ टीएमसी पाणी जायकवाडीसाठी सोडण्याचा आदेश निघाला. विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाणी सुटलं.

यावर तीन मथळे लिहून बघू. हे मी बनवलेले आहेत, पण यांच्या जातीचे मथळे तुम्ही नक्की वाचले असतील.

‘नाशिक-नगरचं पाणी पळवलं.’
‘मराठवाड्याला अखेर हक्काचं पाणी मिळालं.’
‘ऊर्ध्व गोदावरी खोऱ्यातून जायकवाडीसाठी विसर्ग सुरू.’

तिन्हींत एकही आकडा चुकीचा नाही, कारण आकडाच नाही. शिवी नाही, खोटी माहितीही नाही. फरक आहे तो क्रियापदाचा. ‘पळवणं’ हे क्रियापद एकटं येत नाही, सोबत दोन माणसं घेऊन येतं: एक मालक आणि एक चोर. मराठीत पाकीट पळवतात, मूल पळवतात. पाणी मुळात कुणाच्या मालकीचं, हा खरा वादाचा मुद्दा. तो मांडायच्या आधीच क्रियापदाने निकाल देऊन टाकलेला असतो. ‘मिळालं’ मध्ये आपण गरजू होतो आणि ‘अखेर’ या शब्दात वर्षानुवर्षांची वाट पाहणं येऊन बसतं. ‘विसर्ग’ हा खात्याचा शब्द. तो सगळ्यांत शांत, पण त्यात माणूसच नाही. जणू पाण्याला वाटलं आणि ते निघालं.

बातमीतली पटवून देणारी भाषा म्हटलं की आपण विशेषणं शोधतो: ‘धक्कादायक’, ‘खळबळजनक’, ‘संतापजनक’. त्यांचं मला फारसं भय वाटत नाही, कारण ती आपण येतोय हे ओरडून सांगतात. क्रियापद मात्र दार न वाजवता आत येतं.

दोन शब्दांत मावलेला खटला

आता ‘हक्काचं पाणी’ घ्या. मराठवाड्यात हा शब्दप्रयोग इतका रुळलाय की तो एकच शब्द वाटतो. त्याच्या मागे खरोखर बरंच काही आहे. २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा तुटीच्या वर्षी एकाच खोऱ्यातल्या धरणांनी तूट समान वाटून घ्यावी असं तत्त्व सांगतो. त्याच्या अंमलबजावणीसाठी मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये तक्ते दिले, २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश आला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. तेव्हा ‘हक्काचं’ हा शब्द हवेतला नाही.

पण तो काय गाळतो तेही बघा. हा हक्क सशर्त आहे. २०२३ मध्ये लागू असलेल्या हिशोबानुसार, खरिपातला वापर धरून जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच वरून पाणी सोडायचं. किती सोडायचं ते वरच्या धरणांत काय आहे त्यावर ठरतं. कोरड्या नदीपात्रातून येताना त्यातलं बरंचसं वाटेत जिरतं. ‘हक्काचं पाणी’ म्हटल्यावर ‘जर’, ‘तर’ आणि ‘वाटेतली गळती’ गायब होतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की तो लहान होऊन पोचतो. चेहरा ओळखू येतो, मागच्या पाटीवरची अक्षरं मात्र पुसट होतात. मथळा हेच करतो. तो खोटं बोलत नाही, तो दाबून लहान करतो. दाबताना काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं, ही निवड म्हणजेच पटवण्याची कला. निफाडच्या किंवा कोपरगावच्या वाचकासाठी नेमक्या याच अटी ठेवल्या जातात आणि आपला दुष्काळ पुसट होतो.

आकडासुद्धा बाजू घेतो

माझ्या धंद्यातल्या लोकांना वाटतं की आकडा आला म्हणजे भाषा संपली. तसं नाही. ८.६ टीएमसी म्हणजे सुमारे २४ हजार ३५० कोटी लिटर. हा आकडा वाचताना छाती दडपते. तेच पाणी म्हणजे जायकवाडीच्या सुमारे ७६.६५ टीएमसी उपयुक्त क्षमतेच्या ११ टक्क्यांच्या आसपास. हे वाचल्यावर वाटतं, एवढ्यासाठी एवढा गहजब? दोन्ही बरोबर. ज्याला ‘किती नेलं’ दाखवायचंय तो लिटर लिहील, ज्याला ‘किती थोडं आलं’ दाखवायचंय तो टक्के लिहील.

‘जायकवाडी शून्यावर’ हेही तसंच. २०१९ च्या उन्हाळ्यात साठा शून्याच्याही खाली, ‘उणे’ गेला होता. धरणात उणे पाणी कसं असेल? तर टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. त्याखाली सुमारे २६ टीएमसीचा मृतसाठा असतो आणि अशा वेळी शहर त्यातूनच पाणी उचलतं. ‘मृत’ हा अभियंत्यांचा शब्द, अर्थ एवढाच की नेहमीच्या दारांतून ते पाणी बाहेर पडत नाही. बातमीत आल्यावर मात्र तो वेगळाच ऐकू येतो. परिस्थिती गंभीर असतेच. पण ‘शून्य’ आणि ‘मृत’ हे शब्द समजावून न सांगता वापरले, तर वाचकाला भीती मिळते, माहिती मिळत नाही.

कर्ता कुठे गेला?

इथवरची भाषा शेजारच्या जिल्ह्याबद्दलची होती. आता तीच बातमी शहरात आणू.

धरणात पाणी असतानाही संभाजीनगरात नळाला काही-काही दिवसांआड पाणी येतं. हे राज्यभर माहीत आहे. जायकवाडीहून येणाऱ्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या जलवाहिन्यांवर शहराने अनेक दशकं काढली. नवी योजना २०१९ मध्ये मंजूर झाली, तेव्हा तिची किंमत १,६८० कोटी रुपये होती. डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झालं. पुढे खर्च सुमारे २,७४० कोटींवर गेला.

या सगळ्याच्या बातम्यांतली क्रियापदं आठवून बघा. योजना ‘रखडली’. खर्च ‘वाढला’. वेळापत्रक ‘कोलमडलं’. जलवाहिनी ‘फुटली’. शहरात ‘निर्जळी’. नाशिकबद्दल लिहिताना कर्ता होता, त्याला हात होते, तो पळवत होता, अडवत होता. शहराच्या हद्दीत आल्यावर सगळी वाक्यं अकर्मक झाली. आता कुणी काही करत नाही, सगळं आपोआप होतं.

‘निर्जळी’ हा शब्द तर मला विलक्षण वाटतो. तो उपासाचा शब्द आहे. आपल्याकडे आजी निर्जळी एकादशी करते, म्हणजे पाणी समोर असून स्वतःच्या निश्चयाने पीत नाही. ज्या घरात पाणी आलेलंच नाही त्या घरासाठी हा शब्द वापरला की टंचाईला व्रताचं रूप येतं. शब्द लिहिणाऱ्याच्या मनात तसं काही नसेल, मथळ्यात बसणारा छोटा शब्द म्हणून तो आला असेल. पण शब्द आपला जुना अर्थ घरी ठेवून येत नाहीत.

मराठी व्याकरणाने यावर एक फार स्वस्त उपाय दिलेला आहे. ‘रखडली’ मध्ये एक ‘व’ घाला: ‘रखडवली’. लगेच प्रश्न उभा राहतो, कोणी? ‘वाढला’चं ‘वाढवला’ करा, पुन्हा तोच प्रश्न. एका अक्षराने कर्ता परत येतो. तो नेहमी खलनायक असेल असं नाही. कधी निविदेची अट असेल, कधी जमिनीची परवानगी, कधी पैशाचा हप्ता. पण त्याचा शोध तरी सुरू होतो.

यावर पत्रकार मित्र म्हणतात की आम्ही ‘गलथान कारभार’ लिहितोच की, ‘प्रशासन सुस्त’ लिहितोच की. लिहिता, खरं आहे. पण ‘प्रशासन’, ‘यंत्रणा’, ‘कारभार’ यांना चेहरा नसतो. आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की नंतर एक अहवाल लिहितात. त्यात कुणा माणसावर खापर फोडायचं नाही असा संकेत असतो. पण किती वाजता काय बिघडलं, का बिघडलं, दुरुस्ती कोण आणि कधीपर्यंत करणार, हे लिहावंच लागतं. दोष न देणं वेगळं आणि कारण न देणं वेगळं. ‘गलथान कारभार’ हा मथळा नेमकं उलटं करतो: दोष देतो, कारण देत नाही.

याच शहरातल्या चांगल्या बातम्याही सांगायला हव्यात. पाणी योजनेवर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिकेवर सुनावण्या होत आल्या आहेत. त्यांची वार्तांकनं वाचा. कुणी काय सांगितलं, कोणतं काम कोणत्या तारखेपर्यंत करायचं, मागच्या वेळी दिलेल्या मुदतीचं काय झालं. विशेषणं जवळपास नाहीत. तरी वाचून राग येतो, आणि तो राग कुठे न्यायचा हेही कळतं.

मग बातमीने पटवूच नये का?

असं मला म्हणायचं नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आणि रँडच्या हत्येनंतरच्या दडपशाहीच्या दिवसांत टिळकांनी ‘केसरी’त ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असा अग्रलेख लिहिला. ते शीर्षक तटस्थ नव्हतंच. पण ते अग्रलेखाच्या जागी होतं, लिहिणारा कोण ते सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याची किंमत काय असू शकते हे त्यालाही माहीत होतं. त्याच वर्षी दुसऱ्या लेखनावरून झालेल्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. आजच्या मथळ्यातलं प्रश्नचिन्ह बऱ्याचदा याच्या उलट कामाचं असतं. ‘पाणी मुरतंय कुठे?’ असं विचारलं की आरोपही होतो आणि करणारा नामानिराळाही राहतो.

दुसरं उदाहरण आपल्या मराठवाड्याचं: ‘अनुशेष’. हाही पटवणाराच शब्द. ‘आमच्यावर अन्याय झाला’ ही भावना १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने सिंचन, रस्ते, शिक्षण अशा क्षेत्रांत मोजून दाखवली आणि पुढे वर्षानुवर्षं हा शब्द वर्तमानपत्रांतून लावून धरला गेला. त्या शब्दावर वाद घालता येतो, कारण त्याच्यामागे तक्ता आहे. मोजणी चुकली असं म्हणता येतं.

माझी कसोटी तिथून येते. शब्द भावना चाळवतो का, हे विचारण्यात अर्थ नाही, सगळेच चाळवतात. शब्दाने पुढचा प्रश्न विचारता येतो का, हे बघावं. ‘अनुशेष’ म्हटलं की ‘किती?’ विचारता येतं. ‘हक्काचं’ म्हटलं की ‘कोणत्या आदेशाने, कोणत्या अटीवर?’ विचारता येतं. ‘रखडवली’ म्हटलं की ‘कोणी?’ विचारता येतं. ‘पळवलं’ म्हटलं की विचारायला काही उरत नाही, फक्त चिडता येतं.

आपल्या पिढीला हे जास्त लागू आहे, कारण आपण बहुतेक बातम्यांचा मथळाच वाचतो, तोही नोटिफिकेशनच्या दीड ओळीत. डिजिटल माध्यमांत एकाच बातमीचे दोन मथळे सोडून कोणत्यावर जास्त बोटं पडतात ते बघायची पद्धत आहे. जो जास्त दाबला जातो तो राहतो. बातम्यांचं अ‍ॅप उघडल्यावर ते पहिल्यांदा विचारतं, तुमचं शहर कोणतं? नाशिक निवडलंत तर एक क्रियापद मिळेल, संभाजीनगर निवडलंत तर दुसरं. दोन्हीकडच्या वाचकांना वाटेल की आपल्याला बातमी मिळाली. ऊसवाला, द्राक्षवाला आणि नळाखाली हंडा लावून बसलेली बाई यांच्यात नदीचं पाणी कसं वाटायचं, हा प्रश्न या दोन शहरांच्या मधे कुठेतरी पडून राहील.

पुढच्या तुटीच्या वर्षी एकदा अ‍ॅपमधलं शहर बदलून तीच बातमी वाचा. मग आपल्या शहराच्या पानावर परत येऊन ‘रखडली’, ‘वाढला’ यांच्यासमोर तो ‘व’ घालून बघा. वाक्य कुठे अडतं, तिथे बातमी सुरू होते.