ठरवून ठेवलेला प्रतिध्वनी

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांची समीक्षा आपल्याकडे गायकाच्या गळ्यापाशी थांबते. फार तर निवेदकापर्यंत जाते. मिक्सरवर बसलेल्या माणसाने कोणत्या ओळीला इको दिला आणि कोणत्या ओळीचा काढून घेतला, याची दखल कोणी घेत नाही. आता तर तो निर्णय पुष्कळदा त्याच्याही हातात उरत नाही. साथ लॅपटॉपवरून येते आणि आवाजावरचे इफेक्ट त्या साथीबरोबर, आधी नेमलेल्या मात्रेवर, आपोआप बदलतात.

यामागची यंत्रणा साधी आहे. साथीच्या ट्रॅकशेजारी एक मूक पट्टी असते. तिच्यात ध्वनी नसतो, मिडीच्या आज्ञा असतात. १९८३ पासून रूढ झालेल्या या संकेतभाषेत 'प्रोग्रॅम चेंज' म्हणजे ० ते १२७ पैकी एक आकडा. तो मिळाला की इफेक्टची पेटी आवाजाचा साज बदलते : धृपदाला जोडस्वर, अंतऱ्याला नुसता हलका रिव्हर्ब. इकोही लयीला बांधता येतो. मिनिटाला ९६ मात्रांच्या गाण्यात एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची. तेवढे अंतर ठेवले की प्रतिध्वनी नेमका मात्रेवर पडतो. इतका नेमकेपणा हाताने साधणे कठीण. म्हणून या पद्धतीला सरसकट खोटी म्हणणे मला पटत नाही. दहा वादकांचे मानधन न परवडणाऱ्या गायिकेला तिने रंगमंच मिळवून दिला आहे.

आक्षेप आहे तो वेळेच्या मालकीबद्दल. 'द हू' या इंग्लिश बँडने १९७१ पासून ध्वनिमुद्रित सिंथेसायझरबरोबर रंगमंचावर वाजवायला सुरुवात केली, तेव्हा ड्रमवादक कीथ मून कानाला हेडफोन लावून त्या टेपच्या मागे चालत असे. १९७३ च्या 'क्वाड्रोफिनिया' दौऱ्यात टेपांनी दगा दिला आणि न्यूकॅसलला पीट टाउनशेंडचा संताप प्रेक्षकांसमोरच उफाळला. यंत्रे तेव्हापेक्षा कितीतरी भरवशाची झाली. मागे कोणी चालायचे, हे मात्र बदलले नाही.

आपल्याकडे हा पेच अधिक बोचतो. मराठी श्रोत्याला संगीत नाटकाने 'वन्स मोअर'ची सवय लावली आहे. लावणीत एखादी ओळ तीनदा घोळवायची की पाचदा, हे समोरची दाद ठरवते. ट्रॅकला दाद ऐकू येत नाही. गायिका ओळीवर रेंगाळली, तर पुढच्या कडव्याचा जोडस्वर तिच्या या ओळीवर येऊन आदळतो. गाणे संपल्यावर इको बंद करणारी आज्ञाच घातली नसेल, तर 'नमस्कार मंडळी'सुद्धा दरीतून आल्यासारखे घुमते!

सूर दुरुस्त करणाऱ्या इफेक्टचा धोका वेगळा आहे. १९९७ साली आलेला ऑटोट्यून भूकंपलहरींच्या अभ्यासातून संगीताकडे वळलेल्या अँडी हिल्डेब्रँड यांनी घडवला. दुरुस्तीचा वेग वाढवला की दोन स्वरांमधली मींड तुटून पायऱ्या दिसू लागतात. १९९८ च्या शेरच्या 'बिलीव्ह'मध्ये त्या पायऱ्या हव्याच होत्या. भावगीतात त्या अर्थच बदलतात. नाट्यपदापासून रिमिक्सपर्यंत सगळ्या गाण्यांना एकच वेग लावून ठेवणे हा शुद्ध आळस आहे.

वाट मात्र आहे. गाणे सलग न ठेवता मुखडा, अंतरा, धृपद असे तुकडे करावेत. तुकडा फिरत राहावा आणि पुढचा तुकडा गायिकेने पायाने कळ दाबल्याशिवाय सुरू होऊ नये. इफेक्टच्या आज्ञा त्या-त्या तुकड्यालाच बांधल्या, की तिच्याबरोबर त्याही थांबतात. दुसरी कळ सगळे इफेक्ट बंद करून कोरडा आवाज देणारी असावी. यासाठी वेगळा खर्च फारसा नाही. प्रत्येक गाण्यामागे चार तास बसून, गायिकेला शेजारी घेऊन हे तुकडे पाडावे लागतात, आणि नेमके तेच टाळले जाते. तयार ट्रॅक विकत घ्यायचा, त्याच्याबरोबर आलेले इफेक्ट तसेच ठेवायचे आणि गायिकेला सांगायचे, "ताई, तेवढं क्लिकवर राहा."