रशियन नाटकांच्या संग्राह्य सचित्र आवृत्त्या : चित्र आणि रंगसूचना

नाटक मुळातच दृश्यकाव्य. मग त्याच्या छापील संहितेस चित्रांची जोड कशासाठी? अभिजात रशियन नाटकांच्या सचित्र, संग्राह्य आवृत्त्यांपुढे हा प्रश्न उपस्थित होतो. भंडारा जिल्ह्यात तो अधिक निकडीचा आहे. झाडीपट्टीत मंडईच्या दिवसांत रात्र-रात्र नाटके चालतात. पण त्यांत चेकॉव्ह सहसा नसतो. त्यामुळे पुस्तकातील चित्र हाच आपल्या विद्यार्थ्यासाठी पहिला प्रयोग ठरतो.

गोगोलचे 'इन्स्पेक्टर जनरल' (१८३६) मराठी वाचकास पु. ल. देशपांडे यांच्या 'अंमलदार' (१९५२) या रूपांतरामुळे परिचित आहे. मूळ नाटकाचा शेवट म्हणजे एक मूक दृश्य होय. खरा तपासनीस आल्याची वार्ता येताच सर्व पात्रे थिजतात. नगरप्रमुख मध्यभागी हात पसरून खांबासारखा उभा, पोस्टमास्तर प्रश्नचिन्हासारखा, न्यायाधीश जवळजवळ जमिनीला टेकलेला. आणि हा समूह सुमारे दीड मिनिट निश्चल राहावा, अशी सूचना खुद्द लेखकाची आहे. म्हणजे चित्रकाराचे निम्मे काम गोगोलनेच करून ठेवले आहे. प्योत्र बोक्लेव्स्की (१८१६–१८९७) याने काढलेली गोगोलच्या पात्रांची चित्रे प्रसिद्ध आहेत. तथापि सुटे चेहरे कितीही बोलके असले, तरी येथे दोष एकट्याचा नाही. सारे शहर एकाच वेळी सापडते. म्हणून अशा आवृत्तीची परीक्षा मूक दृश्याच्या पानावरच करावी.

चेकॉव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये (१९०४) मात्र नेमके उलट घडते. बंद घरात विसरला गेलेला म्हातारा नोकर फिर्स आडवा होतो, दुरून तार तुटल्यासारखा आवाज येतो आणि मग केवळ झाडांवर पडणारी कुऱ्हाड ऐकू येते. हा शेवट कानांसाठी आहे. चित्रकाराला फुललेल्या बागेचा मोह पडणे स्वाभाविक आहे. पण त्याने पान सजते, नाटक निसटते. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'चे (१९८५) उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. वाड्यापुढे गंजत पडलेला ट्रॅक्टर कोणीही रेखाटील. परंतु किती वाजले, असे पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या दादीचा आवाज कसा रेखाटणार?

गोगोलची सचित्र प्रत ग्रंथालयाने अवश्य घ्यावी. चेकॉव्हच्या नाटकाचे शेवटचे पान चित्राविना कोरे सोडणारा प्रकाशक भेटल्यास ती आवृत्ती मी पदरमोड करून घेईन.