‘उत्पादन’ आणि ‘तग’ : ज्वारी-संशोधनाच्या परिभाषेचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरातील उस्मानपुऱ्यात धान्याच्या दुकानी ज्वारी घ्यावयास आलेल्या गिऱ्हाइकाला ‘ज्वारी द्या’ एवढे म्हणून भागत नाही. मालदांडी की हायब्रीड, हे त्याला सांगावे लागते. या दोन शब्दांत वाणांचा भेद तर आहेच, शिवाय गुणांचा निवाडाही आहे. पहिला शब्द चांगल्या भाकरीची खात्री देतो, दुसरा स्वस्ताईची. उलट, कृषिसंशोधनाच्या अहवालांत वाणांचा क्रम लागतो तो मुख्यत्वे दर हेक्टरी क्विंटलांवरून. हे दोन निवाडे जुळत का नाहीत, हा प्रश्न केवळ चवीचा नव्हे. संशोधनाची परिभाषा काय मोजते आणि काय मोजावयाचे सोडून देते, याचा तो प्रश्न आहे. आणि ज्या मराठवाड्यात पावसाचा भरवसा नाही, तेथे तो थेट बियाण्याच्या निवडीशी येऊन भिडतो.

ज्वारी हे मूळचे आफ्रिकेचे पीक. पूर्व सुदानात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ते लागवडीखाली आल्याचा पुरावा उत्खननांतून मिळाला आहे. हार्लन व डी वेट यांनी १९७२ साली ज्वारीचे बायकलर, गिनी, कॉडेटम, काफिर आणि दुर्रा असे पाच मूळ वंश मानले. मराठवाड्याची रब्बी ज्वारी यांपैकी दुर्रा वंशातील. आणि ‘दुर्रा’ हा शब्द सुदानात रोजच्या बोलण्यात असलेल्या ज्वारीवाचक अरबी शब्दाचेच रूप होय. संस्कृतातील ‘यवनाल’ या नावात मात्र ‘यव’ हा घटक आहे : परके धान्य ओळखीच्या धान्याच्या नावाने घरात घेतले गेले. नावातून आफ्रिका पुसली गेली, तरी बियाण्यातून ती गेली नाही. १९६४ साली प्रसारित झालेल्या सीएसएच-१ या भारताच्या पहिल्या संकरित ज्वारीची मादी ओळ ‘कंबाइन काफिर ६०’ ही होती, आणि तिचे नरवंध्यत्व मायलो ज्वारीच्या पेशीद्रव्यावर आधारलेले होते. काफिर व मायलो या दोन्ही ज्वारी अमेरिकेत गेल्या त्या आफ्रिकेतून. तेव्हा आफ्रिकेतील पीकसुधारणा आणि मराठवाड्यातील पीकसुधारणा हे दोन स्वतंत्र विषय मानणे सयुक्तिक नाही.

या वाङ्मयातील सर्वांत ढिलाईने वापरला जाणारा शब्द म्हणजे ‘अवर्षण-प्रतिकारक’. वस्तुतः या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या क्रिया कोंबल्या जातात. ओल संपण्यापूर्वीच पीक पक्व होऊन संकटातून निसटते, ही एक; मुळे खोल जाऊन पाण्याची तूट भरून काढतात, ही दुसरी; आणि पेशींतील पाणी घटले तरी वनस्पती कार्य चालू ठेवते, ही तिसरी. १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण पावसाळ्यानंतर काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढतो. भारी जमिनीत तो तगतो. हलक्या, उथळ जमिनीत ती ओल लवकर सरते आणि तेथे लवकर येणारा वाण अधिक उपयोगी पडतो. अर्थात, जमिनीचा उल्लेख वगळून त्याला ‘प्रतिकारक’ म्हणणे हे अर्धे विधान होय. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले अनुराधा हलक्या जमिनीसाठी आणि फुले वसुधा भारी जमिनीसाठी अशी शिफारस केली. परिभाषेच्या दृष्टीनेही ही पद्धत अधिक प्रामाणिक आहे.

संकरित ज्वारीवरील लोकमताचीही अशीच तपासणी व्हावयास हवी. मराठीत ‘हायब्रीड’ हा शब्द निःसत्त्व, बेचव या अर्थाने रूढ झाला, आणि ज्वारीच्या अनुभवाचा त्यात वाटा आहे. बुटक्या ताटांमुळे कडबा घटला आणि दाणा काळा पडू लागला. तथापि दाणा काळा पडण्याचे खापर केवळ संकरावर फोडणे योग्य नाही. लवकर येणारे खरीप पीक पावसाळा सरण्यापूर्वी दाण्यावर येते. भिजलेल्या कणसावर बुरशी चढते. दोष आहे तो पक्वता आणि पाऊस यांचा मेळ न बसण्यात.

पश्चिम आफ्रिकेचा दाखला येथे उद्बोधक ठरतो. मालीसारख्या देशातील गिनी वंशाची ज्वारी उंच वाढते आणि दिवसमानाला संवेदनशील असते. पेरणी लवकर होवो वा उशिरा, ती फुलते पाऊस ओसरण्याच्या सुमारास. तिचे कणीसही मोकळे असते, त्यामुळे बुरशीला थारा कमी मिळतो. अधिक उत्पादनाच्या कॉडेटम वाणांना तेथे अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही, त्याचे एक कारण हे होय. सुधारकांनी ज्या दिवसमान-संवेदनशीलतेला दोष समजून काढून टाकले, ती त्या हवामानात पिकाची रक्षणव्यवस्था होती. उलट, सुदानात १९८३ साली प्रसारित झालेल्या ‘हजीन दुरा-१’ या संकराला (‘हजीन’ म्हणजे संकरच) गेझिराच्या कालव्याखालील शेतीत वाव मिळाला. तो घडविणारे इथिओपियाचे गेबिसा एजेटा यांना २००९ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो संकरित ज्वारीबरोबरच टारफुला या परोपजीवी तणाला प्रतिकार करणाऱ्या वाणांसाठीही. संकर यशस्वी की अयशस्वी, हा प्रश्न पाणी आणि हंगाम सांगितल्यावाचून विचारताच येत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, १९७२-७३ चा दुष्काळ पाहिलेल्या प्रदेशात दाण्याचे वजन हीच पहिली कसोटी असली पाहिजे. आक्षेप वजनदार आहे. परंतु त्याच दुष्काळात जनावरे वैरणीवाचून खंगली, आणि कडबा त्या क्विंटलांत कोठेच मोजला जात नव्हता. पुढील दशकांत मराठवाड्यातील खरीप ज्वारीचे मोठे क्षेत्र सोयाबीनने घेतले. त्यात बाजारभावाचा वाटा मोठा खरा, पण ज्या ज्वारीच्या काळ्या दाण्याला भाव नाही आणि ताटाला वैरणीचे मोल नाही, ती टिकावी तरी कशी?

शेतकऱ्याच्या बोलीत ‘पीक तगले’ हा प्रयोग आहे. त्यात दाणा, ताट आणि पुढल्या पेरणीचे बी या तिन्हींचा समावेश होतो. ‘उत्पादन’ या शब्दाला तेवढी व्याप्ती नाही. म्हणून वाणाच्या प्रत्येक शिफारशीत हंगाम, जमिनीची खोली, कोणत्या अवस्थेतील ताणाला वाण तोंड देतो आणि कडबा किती मिळतो, एवढे तरी नमूद व्हावे. परभणीच्या विद्यापीठाने व पाटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मिळून २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हा लोह व जस्त अधिक असलेला वाण दिला, तेव्हा दाण्याच्या वजनापलीकडचा एक निकष मान्य झालाच आहे. तोच न्याय आता कडब्याला आणि भाकरीला लावणे बाकी आहे.