‘म्युन्शेनर पोस्ट’ : एका पराभूत पत्राचें मोल

वर्तमानपत्राची थोरवी त्याच्या यशावरून मोजावयाची झाल्यास म्युनिकच्या ‘म्युन्शेनर पोस्ट’ला इतिहासांत स्थान उरणार नाहीं. सोशल डेमोक्रॅट पक्षाचें हें दैनिक हिटलरच्या पक्षाशीं त्याच्या जन्मगांवींच दहा वर्षांहून अधिक काळ झुंजलें. नाझी त्यास ‘विषाचें स्वयंपाकघर’ म्हणत. नोव्हेंबर १९२३ मधील बंडाच्या रात्रीं त्यांनीं त्याच्या कचेरीची नासधूस केली. पत्र पुन्हां उभें राहिलें. ९ मार्च १९३३ रोजीं मात्र कचेरी उद्ध्वस्त झाली आणि पत्र कायमचें मिटलें.

हें पत्र निर्दोष होतें असें नव्हे. पक्षाचें मुखपत्र असल्यानें ज्यांना आधींच पटलें होतें, त्यांनाच तें मुख्यतः पटवीत राहिलें. १९३१ सालीं त्यानें एर्न्स्ट रोमचें खाजगी जीवन चव्हाट्यावर आणलें. त्यामुळें तत्त्वांचा झगडा कुचाळकीच्या पातळीवर उतरला.

परंतु हे दोष मान्य करूनही एक गोष्ट उरते. भोवतालचे लोक खुनाला देशभक्ति म्हणूं लागले असतां या पत्रानें खुनाला खूनच म्हटलें. त्याचे एक संपादक एडमुंड गोल्डशाग हे १९४५ सालीं ‘स्युडडॉइचे झाइटुंग’च्या संस्थापकांपैकीं एक झाले. ६ ऑक्टोबरच्या पहिल्या अंकासाठीं हिटलरच्या ‘माइन काम्फ’चे शिशाचे ठसे वितळविण्यांत आले. पराभूत पत्राचा याहून यथोचित न्याय कोणता असूं शकेल?