संकरित ज्वारी आणि ‘उत्पन्न’ हा शब्द

शेतीवरच्या धड्यांत एक वाक्य हमखास भेटते: शास्त्रज्ञांनी संकरित बियाणे तयार केले आणि पिकांचे उत्पन्न वाढले. वाक्य खोटे नाही. आमची तक्रार अशी की ते कसे वाढले हे त्यात नाही, आणि कशाचे उत्पन्न मोजले हेही नाही. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना यासाठी ज्वारीसारखे दुसरे उदाहरण नाही.

ज्वारीच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर असतात आणि एका कणसात अशी फुले शेकड्यांनी. प्रत्येकातले परागकोश चिमट्याने काढून संकर केला, तर प्रयोगापुरते बी मिळेल, गावाला पुरणार नाही. ही अडचण १९५४ साली अमेरिकेत स्टीफन्स व हॉलंड यांनी सोडवली. मायलो ज्वारीच्या पेशीद्रव्यात काफिर ज्वारीचे केंद्रक आणले की झाड धडधाकट वाढते, पण त्याचा पराग निकामी असतो. अशा नरवंध्य ओळींशेजारी दुसऱ्या वाणाच्या ओळी पेरल्या की संकराचे काम वाराच करतो. या दुसऱ्या पालकाकडून पराग पुन्हा सुपीक करणारे जनुक येते, म्हणून शेतकऱ्याच्या रानात कणीस भरते. भारतात १९६४ साली आलेला सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण याच युक्तीवर उभा होता.

घरचे बी पुढल्या वर्षी का चालत नाही, याचे उत्तरही इथेच आहे. सुपीकता देणारे जनुक एकच धरले, तर पुढच्या पिढीत चारातले एक झाड पुन्हा नरवंध्य निघेल. उंची आणि पिकण्याचा काळ यांचीही सरमिसळ होईल. मेंडेलच्या वाटाण्यावर पानेच्या पाने खर्च करणारी पुस्तके हे उदाहरण सोडून देतात, याचे आम्हाला नवल वाटते.

आता ‘उत्पन्न’. गावरान खरीप ज्वारी दिवस लहान होऊ लागले की फुलोऱ्यावर येते; दाणा भरेपर्यंत पाऊस ओसरलेला असतो. संकरित ज्वारी दिवसमानाकडे पाहत नाही. ती शंभर दिवसांच्या आसपास तयार होते, नेमकी परतीच्या पावसात. मग दाण्यावर बुरशी चढते, तो काळा पडतो, भाकरीला चव राहत नाही आणि बाजारात भाव पडतो. ‘हायब्रीड’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो, त्यात या भाकरीचा वाटा मोठा असावा. शिवाय ताट बुटके, म्हणजे कडबा कमी. एकरी किती क्विंटल दाणा एवढेच मोजणाऱ्या तक्त्यात कडब्याला रकानाच नसतो. बैलजोडी पोसणाऱ्याच्या हिशेबात मात्र तो पहिला असतो.

म्हणून संकर फसला, असे कोणी म्हणू लागले तर तेही आम्हाला मान्य नाही. खरिपात संकरित वाणांनी दाण्याचे उत्पन्न खरोखर वाढवले. खरीप ज्वारीचे क्षेत्र पुढे सोयाबीन-कपाशीने खाल्ले, त्याची कारणे बाजारातही आहेत. पण रब्बीत, जिथे पीक जमिनीतल्या ओलीवर काढायचे असते, तिथे मोहोळला गावरान ज्वारीतून निवडलेला मालदांडी ३५-१ दशकानुदशके टिकून राहिला. मोत्यासारखा दाणा आणि भरपूर कडबा एकत्र देणारा संकर पैदासकारांना तिथे सहजी साधला नाही. निवड हीसुद्धा पैदासशास्त्राचीच पद्धत आहे, आणि धड्यात तिला एक ओळही मिळत नाही.